नवी लिंक चार महिन्यांत का वाजते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: साठ हजार किलोमीटर झालेली हॅचबॅक, खराब रस्त्यावर हळू चालवताना पुढून डावीकडे टकटक. आठ महिन्यांपूर्वी पुढच्या दोन्ही स्टॅबिलायझर लिंक बदलल्या, आवाज गेला. चार महिन्यांत डावीकडे पुन्हा सुरू झाला, पुन्हा जोडी बदलली, पुन्हा गेला. आता परत तेच, आणि मेकॅनिक म्हणतोय पुढचं अख्खं सस्पेन्शन उघडावं लागेल. तुम्ही विचारताय की लिंक कुठल्या कंपनीची घ्यावी, घरी बदलता येईल का, आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का.

कंपनीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तुमच्या मजकुरात दोन गोष्टी आहेत ज्या मला जास्त बोलक्या वाटतात. एक, लिंक बदलल्यावर दोन्ही वेळा आवाज खरंच गेला होता. दोन, परत आला तो दोन्ही वेळा डावीकडेच. माल हलका असता तर कधी डावी वाजली असती, कधी उजवी. एकच बाजू पुन्हा पुन्हा बोलत असेल तर दोष लिंकमध्ये कमी आणि ती जिथे बसते त्या जागेत किंवा ती बसवण्याच्या पद्धतीत जास्त, असा माझा अंदाज. गाडी समोर नसताना अंदाजच करता येतो, म्हणून खात्री कशी करायची ते सविस्तर सांगतो.

आधी लिंकचं काम काय ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. स्टॅबिलायझर बार, ज्याला अँटी रोल बारही म्हणतात, तो स्प्रिंग स्टीलचा वाकवलेला दांडा. मधे दोन रबरी बुशांत, म्हणजे रबराच्या कड्यांत, तो क्रॉस मेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) धरलेला असतो आणि त्याची दोन टोकं एकेका लिंकने, म्हणजे दोन्ही टोकांना सांधा असलेल्या छोट्या दांड्याने, दोन्ही बाजूंच्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाला), काही गाड्यांत लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेला), जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो, विरोध करत नाही. एकच चाक वर गेलं, किंवा वळणावर गाडी एका अंगावर झुकली, की बारला पीळ बसतो आणि तो गाडीला सरळ ठेवायला बघतो. हा सगळा पीळ लिंकमधून जातो. एका क्षणी ती दाबली जाते, दुसऱ्या क्षणी ताणली जाते. तिच्या बॉल जॉइंटमध्ये (वाटीत गोळी बसवलेल्या सांध्यात) अर्धा मिलिमीटर जरी खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला तरी प्रत्येक खड्ड्याला बॉल या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो, आणि स्ट्रटच्या पत्र्यातून ती टकटक थेट केबिनमध्ये पोचते.

म्हणूनच लिंकचा आवाज ओळखायची पहिली चाचणी रस्त्यावरच होते. रिकाम्या जागी एक बेताचा गतिरोधक शोधा. तो एकदा अगदी सरळ, दोन्ही चाकं एकत्र चढतील असा, पायी चालण्याच्या वेगाने ओलांडा. मग तोच तिरका घ्या, म्हणजे आधी एक चाक चढेल, मग दुसरं. सरळ घेताना जवळजवळ शांत आणि तिरकं घेताना टक-टक-टक, तर बार, लिंक किंवा बारचे बुश यांच्यावर संशय. दोन्ही वेळा सारखंच वाजत असेल तर स्ट्रटचं वरचं माउंट, शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश यांच्याकडे बघावं लागेल. या चाचणीवर मी निकाल देत नाही, कारण फार झिजलेली लिंक सरळ गतिरोधकावरही थोडी बोलते. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

त्याच फेरीत आणखी एक करा. टकटक चालू असताना ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवा. आवाज तिथेच बंद झाला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना खुळखुळतायत, लिंकला हात लावू नका. आणि निघण्याआधी डिकीतला जॅक आणि पाना बाहेर काढून ठेवा. हसू नका, पुढून येतो असं शपथेवर सांगितलेला आवाज मी स्टेपनीखालच्या जॅकमध्ये सापडलेला पाहिलाय.

आता हाताने तपासणी. इथे बहुतेक जण एक चूक करतात, आणि मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं केली. गाडीची एकच बाजू जॅकने उचलायची, चाक लोंबकळत असताना लिंक हलवून बघायची, ती घट्ट लागते, म्हणून ‘लिंक ठीक आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, एक चाक खाली लोंबकळतंय आणि दुसरं जमिनीवर आहे म्हणजे बारला पूर्ण पीळ बसलेला आहे. तो लिंकला इतका ताणून धरतो की आतला खेळ हाताला लागतच नाही. एकतर दोन्ही चाकं सपाट जमिनीवर हवीत, नाहीतर दोन्ही सारखीच लोंबकळलेली. मधलं काही चालत नाही.

घरी करायचं तर गाडी सपाटीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला पुढून-मागून पाचर. स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवा, म्हणजे चाकाशेजारून लिंकपर्यंत हात जाईल. बोटाची टोकं लिंकच्या वरच्या जॉइंटवर नुसती टेकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी छताच्या कडेला धरून गाडी डावी-उजवी हलवायला सांगा. बोटं स्प्रिंग आणि टायरच्या मधे घालू नका. जॉइंट गेला असेल तर कानाला ऐकू येण्याआधी बोटाला कळतं, आत एक बारीक टिचकी बसते. मग तेच खालच्या जॉइंटवर, आणि शेवटी बार जिथे क्रॉस मेंबरला बुशात धरलाय तिथे. बुशपाशी बार वर-खाली हलताना दिसला तर कितीही लिंक बदला, आवाज राहणार.

हाताला खेळ लागला नाही तरी संशय उरतोच, कारण काही जॉइंट फक्त मोठ्या जोराखाली हलतात. अशा वेळी मी लिंकचं एक टोक सोडवून मोकळा स्टड (बॉलमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) बोटांनी फिरवतो. धडका जॉइंट जड फिरतो, जिथे सोडाल तिथे राहतो. गेलेला मान टाकतो.

काही जण दोन्ही लिंक काढून, बार बांधून, गाडी गल्लीत हळू फिरवून बघा असा सल्ला देतील. चाचणी चांगली आहे: आवाज पूर्ण गेला तर बार, त्याचे बुश आणि लिंक यांच्यातच काहीतरी, राहिला तर दुसरीकडे. पण दोन अटी. लिंक नसताना गाडी वळणावर नेहमीपेक्षा खूप झुकते, म्हणून वेग सायकलचा. दुसरी अट जास्त महत्त्वाची. स्ट्रटची रचना ज्याच्या नावाने ओळखतात त्या मॅकफर्सनच्या मूळ रचनेत हा बारच लोअर आर्मला पुढे-मागे सरकण्यापासून धरून ठेवायचा, आणि जुन्या काही छोट्या गाड्यांतही तीच व्यवस्था असते. तिथे वेगळी लिंक नसते, बारचं टोक थेट आर्ममध्ये जातं. तो बार सोडवून गाडी एक फूटही हलवू नका, चाकच जागेवर राहणार नाही. तुम्ही लिंक बदलल्या म्हणताय म्हणजे तुमची रचना ती नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची असू शकते.

आता तुमच्या डाव्या बाजूकडे येतो. माझा पहिला संशय नटावर, दुसरा स्ट्रटच्या कानावर (लिंकचा स्टड ज्या पट्टीच्या भोकात बसतो तिच्यावर), आणि बहुधा दोन्ही एकमेकांत गुंतलेले.

लिंकचा नट साधा नसतो. त्यात नायलॉनची रिंग असते किंवा आटे जरा दाबलेले असतात, म्हणजे तो आपोआप सुटू नये. त्यामुळे सुरुवातीचे काही आटे गेले की तो जड फिरतो. शिवाय स्टड हा बॉलच्या टोकावरचा दांडा, तो आत मोकळा फिरतो. आता एअर गनने किंवा घाईत पान्याने नट फिरवला तर काय होतं? नायलॉनच्या घर्षणाने नट आणि स्टड दोघं मिळून फिरू लागतात. गन घरघर करते, हाताला घट्ट लागतं, बसवणाऱ्याला वाटतं झालं. प्रत्यक्षात स्टडची बाही (कानाला टेकणारा तिचा रुंद खांदा) आणि स्ट्रटचा कान यांच्यात अजून फट असते. वर नव्याकोऱ्या जॉइंटचा बॉल गनने गरगर फिरवल्याने रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) पिळला जातो, कधी कॉलरपाशी चिरतो. बुटात पाणी आणि धूळ गेली की आतल्या ग्रीसची वाळू मिसळलेली पेस्ट होते, आणि तिथून चार महिने म्हणजे बरेच झाले.

सैल नटाचा दुसरा परिणाम जास्त खर्चिक. स्टड कानातल्या भोकात थोडाथोडा हलत राहतो आणि भोक अंडाकृती होतं. अशा भोकात नवी लिंक कसली तर सुरुवातीला घर्षणाच्या पकडीवर शांत बसते, काही आठवड्यांनी पुन्हा सरकायला लागते. तुमची गोष्ट या वर्णनात इतकी चपखल बसतेय की मी आधी तिथेच बघेन. खूण सोपी आहे. नट काढल्यावर कानाच्या दोन्ही तोंडांवर वायर ब्रश मारा. स्टड नीट आवळलेला असेल तिथे धातू मळकट, एकसारखा दिसतो. तो हलत असेल तर भोकाभोवती चकाकणारं कडं दिसतं, त्याच्या कडेला लालसर बारीक पूड. मग नव्या लिंकचा स्टड हाताने त्या भोकात घालून हलवून बघा. सगळीकडून सारखा बसला तर ठीक. एका दिशेने खडखडला तर कान गेलाय. तिथे स्ट्रट बदलणं किंवा कानाचं काम जाणकाराकडून करून घेणं हाच उपाय. वॉशर घालून, पत्र्याची चकती कोंबून केलेली कामं मी उघडलीयत, एकही टिकलेलं नव्हतं.

तुमचा मेकॅनिक ‘पूर्ण सस्पेन्शन’ म्हणतोय त्यात तथ्य असू शकतं, साठ हजारांत लोअर आर्मचे बुश गेलेले असणं अशक्य नाही. पण त्याला विचारा की कुठल्या भागात खेळ आहे, तो हलवून दाखव. जो दाखवतो त्याचं ऐका.

घरी बदलता येईल का? हत्यारं आणि सपाट जागा असेल तर हो, सस्पेन्शनमधलं हे सगळ्यात सोप्या कामांपैकी आहे. स्प्रिंगला हात लागत नाही, अलाइनमेंट बिघडत नाही. फक्त लिंक बदलल्यावर कुणी अलाइनमेंट करायलाच हवी म्हणाला तर कारण विचारा. स्ट्रट किंवा टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) सोडवला असेल तर गोष्ट वेगळी. मात्र नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालणार असाल तर घरी करू नका. दोन मजबूत स्टँड हवेतच.

आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, पण त्याआधी बाहेर आलेले आटे वायर ब्रशने साफ करा. गंजाच्या थरावर मारलेलं तेल वरच राहतं. दुसऱ्या दिवशी चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग गाडीचं पुढचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं उचलून स्टँडवर ठेवा. एकच बाजू उचललीत तर बारचा पीळ स्टडला भोकात अडकवून ठेवेल आणि तुम्ही हातोडी घेऊन बसाल. दोन्ही उचलूनही थोडा ताण राहिला तर लोअर आर्मखाली छोटा जॅक लावून बोटभर वर घ्या, स्टड हाताने निघेल.

नट सोडवताना स्टड फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला ॲलन कीचं खोबण असतं, काहींना ताऱ्याच्या आकाराचं, काहींना बुटाच्या मागे पातळ पाना बसेल अशा दोन सपाट बाजू. ॲलनचं खोबण चिखल-गंजाने भरलेलं असतं. दाभणाने खरवडून ते तळापर्यंत साफ करा आणि की हातोडीने हलकेच ठोकून आत बसवा. ही दोन मिनिटं वाचवायला गेलात की खोबण गोल होतं आणि तासभर जातो. झालंच गोल, तर नट कापा. हॅकसॉ हळू पण निर्धोक. ग्राइंडर वापरायचा तर ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि ॲक्सलचा रबरी बूट पत्र्याने झाका, डोळ्यांवर चष्मा घाला. जुनी लिंक टाकायचीच आहे, तिची दया नको, पण शेजारच्यांची हवी.

नवी लिंक बसवण्याआधी जुनीशेजारी ठेवून बघा. लांबी तीच, आटे तेच, आणि दोन्ही स्टड एकाच बाजूला तोंड करून आहेत की उलट बाजूंना, तेही तसंच. काही गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते आणि बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. अदलाबदल झाली तरी ती बसते, पण जॉइंट कायम एका कडेला वाकलेला राहतो आणि लवकर मरतो. तुमच्याकडे हेही एकदा बघाच.

मग मुख्य काम. कान दोन्ही बाजूंनी स्वच्छ, नट नवा. नट हाताने जितके आटे जाईल तितका लावा. नायलॉन लागल्यावर ॲलन कीने स्टड धरा आणि रिंग पान्याने नट आवळत जा, बाही कानाला चिकटेपर्यंत. ती चिकटली हे कसं कळतं? ॲलन कीवर येणारा जोर अचानक कमी होतो, कारण आता स्टडला कानाचं घर्षणच धरून ठेवतं. त्यानंतर की काढून टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंत आवळता येणारा) लावायचा. किती? ज्यांच्या स्टडला दहा मिलिमीटरचे आटे असतात त्या लिंकना बऱ्याच गाड्यांत ४० ते ६० न्यूटन मीटरच्या आसपास सांगतात, पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा हाच खरा. टॉर्क पाना लावल्यावर स्टड पुन्हा फिरू लागला तर थांबा. भोक, बाही किंवा आटे यांपैकी काहीतरी ठीक नाही. बूट पिळलेला नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोनतीन दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायची माझी सवय आहे, तुम्हीही लावून घ्या.

ज्यांच्या गाडीत बॉल जॉइंटऐवजी लांब बोल्ट, रबरी बुश आणि वॉशर अशी जुन्या धाटणीची लिंक आहे, किंवा लिंकच्या टोकाला बॉलच्या जागी रबरी बुश आहे, त्यांनी शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून करायचं. हवेत आवळलं तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि फाटतं. बॉल जॉइंटवाल्यांना ही अडचण नाही.

जोडीनेच बदलाव्यात का? झिजून गेली असेल तर जोडीने, कारण दुसरीनेही तेवढेच खड्डे खाल्लेत. एक बाजू फुटपाथला आपटून वाकली असेल तर एकच बदला, बिघडत काही नाही. तुमच्या बाबतीत उजवी चार महिन्यांची आणि गप्प आहे. तिला हात लावू नका.

कंपनीबद्दल आता. गाडीच्या निर्मात्याचा मूळ भाग किंवा त्याला पुरवठा करणाऱ्याचा, या दोहोंत मला फरक जाणवलेला नाही. अनोळखी डबा असेल तर बुटाच्या दोन्ही टोकांना रिंग नीट बसली आहे का आणि स्टड सगळ्या दिशांना सारखा जड फिरतो का, एवढं दुकानातच बघा. ग्रीस निपल असलेल्या लिंक घेतल्या तर सर्व्हिसला ग्रीस भरा, पण बूट जरासा फुगला की थांबा, जास्त दाबलं तर तो फाटतो. बाकी लिंक सीलबंद असतात, त्यांची निगा म्हणजे बूट. धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत बुटावर रोखू नका आणि रबरी बुशांवर खनिज तेलाचे फवारे मारू नका, साधं रबर त्याने फुगून मऊ पडतं. बूट फाटल्यावर सुईने आत ग्रीस भरायची युक्ती चालते, थोडे दिवस. आवाज जातो, झीज तशीच राहते. गाडीची उंची वाढवली असेल किंवा जाड बार बसवला असेल तर हिशेबच बदलतो: बारची ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते, २० मिलिमीटरचा २२ केला तर तो जवळजवळ ४६ टक्के कडक होतो आणि तो सगळा भार त्याच लिंकवर येतो.

राहिला गाडी चालवण्याचा प्रश्न. नुसता खेळ असेल, लिंक अखंड असेल, तर वेळ काढून काम करण्याइतके दिवस चालवू शकता. चाक निखळेल अशी भीती नाही. पण वेगात अचानक लेन बदलावी लागली तर गाडी जास्त झुकेल हे लक्षात ठेवा. तुटली असेल तर गोष्ट वेगळी, कारण मोकळं टोक टायरला, ब्रेकच्या नळीला किंवा ॲक्सलच्या बुटाला लागू शकतं. ती काढून किंवा बांधून, हळू, सरळ गॅरेजपर्यंत.

आधी डावा नट काढा, कान साफ करा आणि भोकाचा जवळून फोटो टाका, दोन्ही तोंडांचा. चकाकतं कडं दिसलं तर तिसरी लिंक विकत घेण्याआधी स्ट्रटबद्दल बोलू.